खासगी पैशाचे क्रीडागृह आणि लोकांचे बदलते मत : वॉशिंग्टनच्या सातव्या रस्त्याचे उदाहरण

प्रश्नकर्त्याने असे विचारले आहे की, एखाद्या धनाढ्य उद्योजकाने पडक्या मध्यवर्ती भागात स्वतःच्या पैशातून मोठे क्रीडागृह उभारले की आधी विरोध, मग कौतुक आणि काही वर्षांनी पुन्हा नाराजी असा क्रम का दिसतो. आणि ज्यांनी सुरुवातीला हरकती घेतल्या ते शेवटी चुकीचे ठरले असे समजायचे का. अशा प्रकल्पांच्या जनसुनावण्या, तेथे आलेल्या हरकती आणि पुढच्या काळातील परिणामांचे मूल्यमापन हा माझ्या व्यवसायाचाच भाग असल्याने थोडे सविस्तर लिहितो. आधी मत सांगतो आणि मग त्यामागची कारणे. माझ्या पाहण्यात मत बदलणारी माणसे थोडीच असतात. बहुधा बोलणारी माणसेच बदलतात आणि ती ज्याविषयी बोलतात तो विषयही बदललेला असतो. दुसरे असे की, ‘पैसा खासगी आहे’ हे एक वाक्य सुरुवातीच्या चर्चेवर असे काही पांघरूण घालते की, शहराने त्या वेळी विचारायला हवे होते ते प्रश्न राहून जातात आणि त्यांची किंमत पंचवीस वर्षांनी, तीही सार्वजनिक तिजोरीतून, चुकवावी लागते.

मला सर्वांत बोलके वाटणारे उदाहरण वॉशिंग्टन शहरातील सातव्या रस्त्यावरच्या क्रीडागृहाचे आहे. आज ते कॅपिटल वन अरीना म्हणून ओळखले जाते. २ डिसेंबर १९९७ रोजी ते उघडले तेव्हा त्याचे नाव एमसीआय सेंटर होते आणि मधल्या काळात व्हेरायझन सेंटर. एप्रिल १९६८ मध्ये मार्टिन ल्यूथर किंग यांच्या हत्येनंतर उसळलेल्या दंगलीत सातव्या रस्त्यावरची दुकाने जळाली, त्यानंतर व्यापारी आणि गिऱ्हाईक दोघेही उपनगरांकडे गेले आणि पुढची पंचवीस वर्षे या भागात मोकळे भूखंड, वाहनतळ आणि अर्धवट रिकाम्या इमारती यांचेच राज्य होते. १९७६ मध्ये तेथे गॅलरी प्लेस हे मेट्रो स्थानक सुरू झाले, तरी केवळ स्थानकाने भाग जागा झाला नाही.

एब पोलिन हे व्यवसायाने बांधकाम व्यावसायिक आणि बास्केटबॉल व आइस हॉकी या दोन्ही खेळांतील व्यावसायिक संघांचे मालक. त्यांचे संघ १९७३ पासून शहराबाहेर, मेरीलँडमधील लँडओव्हर येथील कॅपिटल सेंटरमध्ये खेळत. ते क्रीडागृह महामार्गालगत होते, चहूकडे वाहनतळाचे मैदान होते, आणि सामना संपला की प्रेक्षक गाडीत बसून थेट घरी जात. पोलिन यांनी संघ शहराच्या गाभ्यात आणायचे ठरवले. सुरुवातीच्या विचारात बांधकामाचा बोजा शहराने उचलायचा होता. परंतु शहराची आर्थिक स्थिती इतकी खालावली होती की, १९९५ मध्ये अमेरिकन काँग्रेसने त्याच्या कारभारावर एक वित्तीय नियंत्रण मंडळ बसवले. अशा वेळी इमारतीचा खर्च, म्हणजे सुमारे २० कोटी डॉलर, आपण स्वतः उभा करू असे पोलिन यांनी सांगितले. दिवाळखोरीच्या उंबरठ्यावरील शहराला अशी भाषा बोलणारा माणूस भेटल्यावर त्याचे स्वागत कसे झाले असेल, याची कल्पना करता येते.

‘खासगी’ हा शब्द इथे तपासून पाहायला हवा. इमारत खासगी पैशातून झाली हे खरेच आहे आणि त्या काळातील इतर अमेरिकन क्रीडागृहांच्या तुलनेत ते मोठेच औदार्य होते. याच शहरात २००८ मध्ये उघडलेल्या नॅशनल्स पार्क या बेसबॉल मैदानासाठी ६० कोटी डॉलरहून अधिक सार्वजनिक पैसा लागला, ही तुलना पोलिन यांच्या बाजूने बोलते. मात्र सातव्या रस्त्यावरची जागा शहराने भाडेपट्ट्याने दिली, ती मोकळी करून दिली, मेट्रो स्थानकाचे आवश्यक काम केले आणि त्यासाठी काढलेल्या रोख्यांच्या परतफेडीसाठी शहरातील व्यवसायांवर खास शुल्क बसवले. पुढे २००७ मध्ये क्रीडागृहाच्या सुधारणेसाठी शहर परिषदेने ५ कोटी डॉलरचे रोखे मंजूर केले. त्याहीपेक्षा मोठी सार्वजनिक गुंतवणूक पायाखाली होती : तीन मेट्रो मार्ग जिथे एकत्र येतात असे स्थानक. ते नसते तर कोणत्याही मालकाने त्या जागी वीस हजार माणसांचे क्रीडागृह बांधण्याचे धाडस केले नसते.

सुरुवातीच्या हरकती तीन वेगवेगळ्या गटांच्या होत्या आणि त्यांना एकच ‘विरोध’ म्हणणे ही विश्लेषणातील पहिली गफलत ठरते. वॉशिंग्टनच्या मूळ आराखड्याचे रक्षण करणाऱ्या नागरिक संघटना, विशेषतः कमिटी ऑफ वन हंड्रेड ही १९२३ पासूनची संस्था, इमारतीच्या अवाढव्य आकाराला आणि जुन्या रस्त्यांच्या जाळ्यात होणाऱ्या ढवळाढवळीला हरकत घेत होत्या. दुसऱ्या गटाला, ज्या शहरात शाळांची छपरे गळतात तेथे जागा आणि शुल्क यांचा लाभ संघमालकाला का, हा प्रश्न पडला होता. तिसरा गट क्रीडागृहालगतच्या चायनाटाउन या चिनी वस्तीतील रहिवासी आणि छोटे दुकानदार यांचा. हा गट संख्येने लहान, अनेकांना इंग्रजी सफाईने न येणारा, आणि आधी एकदा हललेला होता : १९३० च्या दशकात संघीय सरकारच्या कार्यालयांसाठी पेनसिल्व्हेनिया अव्हेन्यूवरची जुनी वस्ती मोडली तेव्हाच चिनी कुटुंबे एच रस्त्यावर आली होती, आणि १९८० च्या दशकातील अधिवेशन केंद्राने त्यांच्या वस्तीचा एक लचका पुन्हा तोडला होता. त्यांची भीती इमारतीबद्दल फारशी नव्हती. भाडे वाढेल, ही त्यांची भीती होती.

क्रीडागृह उघडले आणि पाच-सात वर्षांत सातवा रस्ता ओळखू येईनासा झाला. याची यंत्रणा समजून घेण्यासारखी आहे. बास्केटबॉल आणि हॉकी या दोन संघांचे मिळून नियमित हंगामात सुमारे ८२ घरचे सामने होतात, त्यात जॉर्जटाउन विद्यापीठाचे सामने आणि संगीताचे कार्यक्रम मिळवायचे. म्हणजे हंगामात आठवड्यातून अनेक संध्याकाळी हजारो माणसे पायी त्या रस्त्यांवर येतात. अमेरिकन फुटबॉलच्या मैदानावर वर्षाला जेमतेम आठ-नऊ घरचे सामने होतात. तेवढ्यावर कोणतेही उपाहारगृह तगत नाही. शिवाय येथे लँडओव्हरसारखा स्वतःचा अफाट वाहनतळ नव्हता. प्रेक्षक मेट्रोने येत, सामन्याआधी तासभर आसपास रेंगाळत, खातपीत, आणि रात्री जाताना रस्ता जागता ठेवत. क्रीडागृहाने माणसे आणली, पण ती रस्त्यावर सांडली ती वाहनतळ नसल्यामुळे. माझ्या मते या प्रकल्पाचे निम्मे श्रेय त्या न बांधलेल्या वाहनतळाला जाते, आणि नेमके हेच इतर शहरे नक्कल करताना विसरतात.

तरीही संपूर्ण पुनरुज्जीवन एका इमारतीच्या खात्यावर मांडणे अयोग्य होईल. शेक्सपिअर थिएटर ही नाट्यसंस्था जुन्या लॅन्सबर्ग दुकानाच्या इमारतीत १९९२ मध्येच आली होती. होसे आंद्रेस यांचे हालेओ हे उपाहारगृह १९९३ मध्ये सातव्या रस्त्यावर सुरू झाले, म्हणजे क्रीडागृहाच्या चार वर्षे आधी. १९९७ मध्येच मध्यवर्ती भागातील मालमत्ताधारकांनी वर्गणी काढून स्वच्छता आणि सुरक्षेसाठी स्वतंत्र व्यवस्था उभी केली. १९९९ मध्ये महापौर झालेल्या अँथनी विल्यम्स यांच्या काळात शहराची तिजोरी सावरली आणि घरबांधणीला प्रोत्साहन मिळाले. क्रीडागृहाशेजारचे गॅलरी प्लेस संकुलही भावी करउत्पन्नाच्या भरवशावर शहराने केलेल्या अर्थसाहाय्याने झाले. त्यात देशभरातील मोठी शहरे याच दशकात पुन्हा भरू लागली होती. अर्थतज्ज्ञांमध्ये या विषयावर जेवढे एकमत आहे तेवढे क्वचित दिसते : रॉजर नॉल, अँड्र्यू झिंबालिस्ट, रॉबर्ट बाडे यांच्यासारख्या अभ्यासकांनी वारंवार दाखवले आहे की, क्रीडागृहामुळे महानगराचे एकूण उत्पन्न लक्षणीय वाढत नाही, कारण कुटुंबाचा करमणुकीचा खर्च एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी सरकतो. येथे वाचकाने एक भेद ध्यानात ठेवावा. संपूर्ण महानगर श्रीमंत झाले का आणि एखादा भाग जागा झाला का, हे दोन स्वतंत्र प्रश्न आहेत. पहिल्याचे उत्तर बहुधा नकारार्थी येते. दुसऱ्याचे, परिस्थिती अनुकूल असल्यास, होकारार्थी येऊ शकते. कौतुक करणारे दुसऱ्या उत्तराकडे बोट दाखवतात, टीकाकार पहिल्याकडे, आणि दोघेही आपापल्या जागी बरोबर असल्याने वाद मिटत नाही.

खर्च एका ठिकाणाहून दुसरीकडे सरकतो, याचा अर्थ कोणीतरी तो गमावतो. येथे गमावणारे ठिकाण लँडओव्हर होते. वॉशिंग्टनमधील कौतुकाच्या लाटेत, ते ज्या प्रिन्स जॉर्जेस काउंटीत (जिल्ह्यात) आहे तेथील रहिवाशांचे म्हणणे फारसे ऐकू आले नाही. कॅपिटल सेंटर २००२ मध्ये पाडले गेले, त्या जागी आलेले खरेदी-संकुलही फार काळ टिकले नाही आणि आज तेथे रुग्णालय उभे आहे. प्रतिक्रिया मोजताना ज्या गावातून आकर्षण उचलले गेले त्या गावाला मोजायचेच नाही, ही पद्धत मला कधीच पटलेली नाही.

आता चायनाटाउनची भीती. १९७० च्या सुमारास सुमारे तीन हजारांपर्यंत असलेली तेथील चिनी लोकसंख्या २०१५ पर्यंत तीनशेच्या घरात आली. ही घसरण क्रीडागृहाआधीच सुरू झाली होती; मुले शिकली, मेरीलँड-व्हर्जिनियाच्या उपनगरांत गेली, हे कारण मोठे आहे आणि सगळा दोष एका इमारतीवर टाकणे अन्यायाचे होईल. परंतु जे राहू इच्छित होते त्यांचे राहणे वाढत्या जमीनमूल्याने अवघड केले, हेही तितकेच खरे. २०१४ मध्ये जवळच्याच म्युझियम स्क्वेअर या अनुदानित इमारतीच्या मालकाने ती पाडण्याचे ठरवले, तेव्हा कायद्याने खरेदीचा पहिला हक्क असलेल्या भाडेकरूंना २५ कोटी डॉलर किंमत सांगण्यात आली, आणि त्या भाडेकरूंत मोठ्या संख्येने वृद्ध चिनी रहिवासी होते. ते न्यायालयात गेले. दुसरीकडे, शहराच्या नियमांमुळे या भागातील साखळी दुकानांना आपल्या पाट्या चिनी लिपीतही लावाव्या लागतात, त्यामुळे कॉफीच्या दुकानापासून औषधाच्या दुकानापर्यंत चिनी अक्षरे झळकतात. पाट्यांचे नियम करायला फारसा खर्च येत नाही. भाडेनियंत्रित घरे आणि जुन्या दुकानदारांसाठी गाळे राखून ठेवायला येतो, आणि तशी अट भाडेपट्टा देतानाच घालायची असते. जागा हातची गेल्यावर शहराकडे सौदा करायला काही उरत नाही. तिसऱ्या गटाच्या हरकतीला उत्तर मिळाले नाही, आणि जे निघून गेले ते पुढच्या सर्वेक्षणांत आले नाहीत. मग ‘आता तर सगळे समाधानी आहेत’ असा निष्कर्ष निघाला. जे उरले त्यांनाच विचारले तर समाधानाचे प्रमाण चांगलेच येणार.

१३ डिसेंबर २०२३ हा दिवस या प्रकरणातील सर्वांत शिकण्यासारखा. हॉकी संघ १९९९ मध्येच टेड लिऑन्सिस यांच्याकडे गेला होता, आणि पोलिन यांचे २००९ मध्ये निधन झाल्यानंतर बास्केटबॉल संघ आणि क्रीडागृहही त्यांच्याकडे आले होते. महासाथीनंतर कार्यालये ओस पडली होती, गॅलरी प्लेसमधील दुकाने बंद होत होती, आणि शहरात गुन्हे वाढल्याची तीव्र चर्चा होती. अशा वेळी लिऑन्सिस आणि व्हर्जिनियाचे गव्हर्नर ग्लेन यंगकिन यांनी जाहीर केले की, दोन्ही संघ नदीपलीकडे अलेक्झांड्रियातील पोटोमॅक यार्ड येथे २०० कोटी डॉलरच्या नव्या संकुलात जातील. एका रात्रीत वॉशिंग्टनच्या प्रतिक्रियेचा सूर पालटला. गर्दी, आवाज आणि महाग तिकिटे यांवर कुरकुर करणारे नागरिक संघ वाचवण्याची भाषा बोलू लागले. उपाहारगृहचालकांनी आपला धंदा सामन्यांच्या तारखांवर किती बेतलेला आहे हे उघडपणे सांगितले. आणि अलेक्झांड्रियात मात्र १९९५ सालच्या वॉशिंग्टनमधील हरकती जवळपास जशाच्या तशा ऐकू येत होत्या : वाहतूक कशी झेपणार, सार्वजनिक रोखे कशासाठी, आमच्या वस्तीत हे का.

व्हर्जिनियाच्या सिनेटमधील वित्त समितीच्या अध्यक्ष लुईझ ल्युकस यांनी योजनेला अर्थसंकल्पात जागा दिली नाही आणि २७ मार्च २०२४ रोजी बेत बारगळला. त्याच दिवशी वॉशिंग्टनच्या महापौर म्युरिअल बाउझर आणि लिऑन्सिस यांनी करार जाहीर केला : नूतनीकरणासाठी शहर ५१.५ कोटी डॉलर देईल आणि संघ २०५० पर्यंत राहतील. शहर परिषदेने त्याला एकमताने मान्यता दिली. पोलिन यांनी मूळ बांधकामाला जेवढे घातले त्याच्या अडीचपट रक्कम (महागाई धरली तर हे गुणोत्तर खाली येते, पण रक्कम सार्वजनिक आहे हे बदलत नाही) शहराने केवळ आहे ते जाऊ नये म्हणून दिली, आणि जनतेचा विरोध तुलनेने क्षीण होता. याचे मला आश्चर्य वाटले नाही. भाग क्रीडागृहावर एकदा अवलंबून झाला की, ‘नको’ म्हणण्याची ताकद निघून जाते. शहर परिषदेने २०२४ मध्ये चुकीचा निर्णय घेतला असे मी म्हणणार नाही. त्या दिवशी त्यांच्यापुढे चांगला पर्याय नव्हता. चांगले पर्याय १९९५ मध्ये होते. संघ किती वर्षे बांधील राहणार, मालकी बदलली तर काय, मध्येच सोडल्यास शहराला भरपाई किती, हे प्रश्न त्या वेळी शहराकडे जमिनीचा भाडेपट्टा हातात असताना अधिक कठोरपणे विचारता आले असते. परंतु जो स्वतःचे २० कोटी डॉलर घालतो आहे त्याला अटी कसल्या घालता, ही भावना तेव्हा प्रबळ होती.

ओहायोतील कोलंबस शहराचे उदाहरण थोडक्यात देतो, कारण तेथे लोकांची प्रतिक्रिया मतपेटीतूनच नोंदली गेली. मे १९९७ मध्ये क्रीडागृहासाठी तीन वर्षे अर्धा टक्का विक्रीकर लावण्याचा प्रस्ताव मतदारांनी फेटाळला. त्यानंतर लगेच नेशनवाइड ही विमा कंपनी आणि स्थानिक वृत्तपत्र-समूह पुढे आले आणि जुन्या ओहायो तुरुंगाच्या पडीक जागेवर खासगी पैशातून क्रीडागृह बांधले. २००० मध्ये ते उघडले आणि भोवती घरे, कार्यालये, उद्याने असलेला एक नवा भाग उभा राहिला. मतदारांचा नकार पूर्ण शहाणपणाचा ठरला, असे दशकभर सर्वांना वाटत होते. मग तेथे खेळणारा आइस हॉकी संघ तोट्यात असल्याची ओरड सुरू झाली आणि २०१२ मध्ये सार्वजनिक प्राधिकरणाने जुगारगृहांच्या करातील वाट्यातून ते क्रीडागृह ४ कोटी २५ लाख डॉलरना विकत घेतले. या वेळी मतदारांना कोणी विचारले नाही.

इंग्लंडमधील फोकस्टन या किनारी गावाचा प्रकार निराळा आहे. तेथे सागा या कंपनीचे माजी मालक रॉजर डी हान यांनी सुमारे १.७ कोटी पौंड खर्चून एफ-५१ हे बहुमजली स्केटपार्क बांधले आणि ते एप्रिल २०२२ मध्ये उघडले. त्या जागी आधी वाहनतळाची इमारत बांधायचा विचार होता. स्केटिंगचे मजले, चढाईची भिंत आणि मुष्टियुद्धाचे रिंगण असे सारे तेथे आहे, आणि ते उघडले तेव्हा स्थानिक शाळकरी मुलांना महिन्याला एका पौंडात सदस्यत्व देऊ केले होते. येथे देणाऱ्याला इमारतीतून नफा नको असल्याने कौतुक अधिक निर्मळ होते. तरीही त्याच गावात, त्याच व्यक्तीच्या बंदरालगतच्या उंच सदनिकांच्या योजनेला रहिवाशांनी जोरदार हरकती घेतल्या. बाहेरच्यांना यात कृतघ्नपणा दिसतो. मला तो विवेक वाटतो. स्केटपार्क आवडले म्हणून समुद्राचे दर्शन विकत देण्याची सक्ती कोणावर नाही. खरी अडचण वेगळी आहे : बंदर, जुन्या वस्तीतील अनेक इमारती आणि क्रीडाकेंद्र हे सारे एकाच व्यक्तीच्या इच्छेभोवती गुंफले गेले की, हरकत घेणाऱ्याला आपण गावाच्या भल्याच्या आड येतो आहोत असे वाटू लागते, आणि काही माणसे त्यामुळेच गप्प बसतात.

मग सुरुवातीचे विरोधक चुकीचे ठरले का, या प्रश्नाला गटागटाने उत्तर द्यावे लागते. वॉशिंग्टनमध्ये रस्ता उजाड होईल, गर्दी फिरकणार नाही असे ज्यांना वाटले ते चुकले. आराखड्याच्या रक्षकांचे म्हणणे अर्धे खरे ठरले. इमारत बाहेरून आजही बोजड आहे आणि सामना नसलेल्या दुपारी तिच्या लांब भिंतींजवळून चालताना ते जाणवते. सार्वजनिक पैशाबद्दल शंका घेणाऱ्यांना २०२४ ने दुजोरा दिला. चायनाटाउनच्या रहिवाशांचे तर जवळपास शब्दशः खरे झाले, आणि सर्वांत कमी ऐकले गेले तेही त्यांचेच. अशा प्रकल्पाच्या जनसुनावणीचा वृत्तांत वाचायला मिळाला तर मी आधी वक्त्यांची यादी पाहतो, त्यातून कोण गैरहजर आहे ते शोधतो, आणि मग भाडेपट्ट्याच्या मसुद्यात मुदत, मालकीबदल आणि मुदतपूर्व निर्गमन यांची कलमे काढतो. सध्याच्या कराराची मुदत २०५० ला संपते. त्या वेळच्या वाटाघाटी बहुधा २०४० च्या दशकातच सुरू होतील, आणि तेव्हा शहराच्या हाती काय असेल ते त्या कलमांवरूनच ठरेल.